बोटं फाकवून पाहणारी मी

बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, जिथून कुठून ऐकत असाल तिथून, आज थोडा कबुलीजबाब ऐका. पडद्यावर सुरा निघाला की मी डोळ्यांवर हात ठेवते, पण बोटं फाकवून. नको असतं आणि पाहायचंही असतं. हे फक्त माझं नाही, तुमच्यातल्या पुष्कळांचं असणार, म्हणून हा विषय घेतला.

मालिकांमधल्या रक्तपाताबद्दल आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, “झेपत नसेल तर बघू नका.” दुसरं, “हे सगळं बंदच करायला हवं.” मला दोन्ही पटत नाहीत. कारण माझ्या अत्यंत आवडत्या मालिकांपैकी निम्म्या तरी रक्ताळलेल्या आहेत.

‘दिल्ली क्राइम’पासून सुरुवात करू. २०१९ साली आलेली सात भागांची मालिका. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या प्रकरणावर आहे, म्हटल्यावर मी ती बरेच दिवस लावलीच नव्हती. बसमध्ये काय झालं ते पाहायची माझी तयारी नव्हती. मालिकेने ते दाखवलंच नाही. रुग्णालयात डॉक्टर शेफाली शाहच्या वर्तिका चतुर्वेदीला त्या मुलीच्या जखमा सांगतात. एकेक, कोरड्या आवाजात. आपण फक्त वर्तिकाचा चेहरा पाहतो. माझ्या पोटात तेव्हा जे झालं, ते कुठल्याही तलवारीने आजवर झालेलं नाही. गंमत म्हणजे ही युक्ती फार जुनी आहे. युद्ध, मृत्यू, नगराला पडलेला वेढा हे अंकात प्रत्यक्ष दाखवू नये, प्रवेशकातून सांगावं, असं नाट्यशास्त्रात आहेच. या मालिकेला २०२०चं आंतरराष्ट्रीय एमी मिळालं.

मग काय, न दाखवणं हेच उत्तम? इथेच माझी पंचाईत होते.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ घ्या. २०१५मध्ये सान्साच्या लग्नाच्या रात्रीचा भाग आला. रॅम्झी तिच्यावर जबरदस्ती करतो, आणि कॅमेरा वळतो तो खोलीत उभ्या केलेल्या थिऑनच्या चेहऱ्याकडे. म्हणजे दाखवलं नाहीच की! तरीही केवढा गदारोळ झाला. क्लेअर मॅकास्किल या अमेरिकी सिनेटर बाईंनी आपण आता ही मालिका पाहणार नाही, असं जाहीर केलं. मलाही राग आला होता, आणि तो कशाचा हे कळायला थोडा वेळ लागला. ‘दिल्ली क्राइम’मध्येही आपण दुसऱ्याच कुणाचा चेहरा पाहतो, पण वर्तिका तो अत्याचार समजून घेऊन पुढे काहीतरी करणार असते, आणि गोष्ट त्या मुलीचीच राहते. इथे त्या क्षणी गोष्ट थिऑनची झाली. अत्याचार सान्सावर, आणि मोठं दुःख त्याचं. तेव्हा प्रश्न दिसण्या-न दिसण्याचा नव्हताच, वेदना कुणाच्या नावावर मांडली हा होता.

आता पुढचं ऐका. वर्षभराने त्याच रॅम्झीला सान्सा त्याच्याच उपाशी कुत्र्यांच्या तोंडी देते. किंकाळ्या ऐकत ती पाठ फिरवते, चालू लागते आणि ओठांत किंचित हसते. मी पण हसले. खरं सांगते, मोकळं वाटलं. आदल्या वर्षी जी मी हिंसेवर चिडले होते, तीच मी जिवंत माणूस फाडला जातोय आणि खूश! त्या हसण्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. वधाच्या आख्यानात राक्षस पडला की आपण पूर्वापार टाळ्या वाजवत आलो आहोत, त्यातलंच ते असेल. पण आख्यानात कुत्र्याचे दात इतक्या जवळून दिसत नाहीत.

‘मिर्झापूर’बद्दल माझी तक्रार वेगळी आहे. २०१८च्या पहिल्या भागातच वरातीत मुन्नाच्या हातून नवरदेव मरतो. सुरुवात जबरदस्त आहे, कारण त्या मेलेल्या मुलाचा बाप वकील रमाकांत पंडितांकडे येतो आणि सगळी गोष्ट तिथून पेटते. एका मरणाला वजन आहे. पण पुढेपुढे माणसं इतकी पडत जातात की मी मोजायची सोडून देते. आज मला त्यातले संवाद आठवतात, कालीनभैयांचं हळू बोलणं आठवतं. मेलेले आठवत नाहीत. नजर सरावते. सुरुवातीला हात डोळ्यांवर जायचा, चौथ्या-पाचव्या भागात तो चिवड्याच्या वाटीत असतो. मला भीती वाटते ती या सरावण्याची, रक्ताची तितकी नाही.

उलट ‘सेक्रेड गेम्स’मधला काटेकर. जितेंद्र जोशीने उभा केलेला तो हवालदार आपल्या ओळखीचा आहे, आपल्यातला आहे. त्याचं घर, शालिनीशी होणारी धुसफूस, साहेबावरची माया, हे सगळं आधी आपल्या आत रुजतं आणि मग तो मारला जातो. ते पाहणं भयंकर आहे, पण मला कधी वाटलं नाही की ते कापायला हवं होतं. तो हळूच पडद्याआड मेला असता, तर ती त्याच्याशी बेइमानी झाली असती.

फक्त एक गोष्ट मला सहन होत नाही. असा एखादा भाग संपतो, नावं वर सरकू लागतात, आणि लगेच कोपऱ्यात पुढच्या भागाची उलटी मोजणी सुरू होते. पाच, चार, तीन. अहो, घरात कुणी गेल्यावर चूलसुद्धा लगेच पेटवत नाहीत आपण! आता मी रिमोट आधीपासून हातात घेऊन बसते.

आता कात्री. तक्रार केली की ती येते, म्हणून तक्रार करतानाही जीभ अडखळते. १९७०मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा सेन्सॉरला साडीवरचा लाल डाग खुपला होता. मग प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगण्यात आलं, तो डाग निळा समजावा! यापेक्षा सणसणीत उत्तर कात्रीला मिळालेलं मला माहीत नाही. त्या नाटकातली हिंसा असह्य आहे, आणि ती तशीच असायला हवी.

१९८८मध्ये दूरदर्शनवर ‘तमस’ लागलं, तेव्हाही प्रक्षेपण थांबवा म्हणून मंडळी न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी आधी मालिका पाहिली आणि मग प्रक्षेपणाला मोकळीक दिली. सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं. कलाकृतीचा परिणाम कच्च्या मनाच्या माणसावरून नव्हे, शहाण्या, खंबीर माणसावरून जोखायचा, असं म्हटलं. त्यासाठी आधार घेतला तो नागपूरच्या न्या. व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलेल्या कसोटीचा. ‘तमस’ सुरू होतं ते नथू डुक्कर मारतो त्या लांबलचक, घामेजलेल्या प्रसंगाने. ते पाहणं सुखाचं नाही. पण डुकराला मारायलाही किती वेळ आणि किती कष्ट पडतात, हे एकदा पाहिल्यावर पुढे माणसं मरतात तेव्हा ती नुसती संख्या राहत नाही. विहिरीकडे निघालेल्या बायकांच्या पुढे उत्तरा बावकरांची जसबीर आहे. तो चेहरा मी विसरलेले नाही.

२०२१च्या नियमांपासून ओटीटीवर वयाची पाटी लागते, सोबत कारणंही: हिंसा, शिवीगाळ, लैंगिक दृश्यं. पाटी हवीच, लहान मुलं असलेल्या घरांत तिचा उपयोग आहे. माझ्यासारखीला ती फार काही सांगत नाही. ‘हिंसा’ हा एकच शब्द नथूच्या प्रसंगालाही लागेल आणि नुसतं चेकाळून दाखवलेल्या कत्तलीलाही. मारणाऱ्याच्या हाताकडे कॅमेरा किती वेळ आहे आणि मागे राहिलेल्यांकडे किती, हे कुठल्याच पाटीवर नसतं.

गेल्या दिवाळीत माझी कॉलेजातली भाची आली होती. तिला मी ‘दिल्ली क्राइम’ लावून दिली. डॉक्टरांचा प्रसंग झाल्यावर तिने स्वतःच थांबवलं आणि म्हणाली, “मावशी, बसमधलं दाखवलं असतं ना, तर मी तेवढा वेळ फोन बघितला असता. इथे पळायला जागाच नाही.” पाणी पिऊन आली आणि उरलेले भाग दोन रात्रींत संपवले.

पुढच्याच आठवड्यात हॉस्टेलवरून तिचा फोन. मैत्रिणींबरोबर ‘मिर्झापूर’ तिसऱ्यांदा चाललं होतं.