मागचा ब्रेक धरून राहतोय?

मोटरसायकल ओढत नसेल, मागचं चाक तापत असेल, तर ब्रेक धरून राहतोय का ते पाहा. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, चाक हातानं फिरवा. खरखरत लगेच थांबलं, तर पेडल तपासा. ड्रम ब्रेकच्या बहुतेक गाड्यांत त्याला 20 ते 30 मिलिमीटर मोकळी हालचाल लागते. चेन ताणताना चाक मागे सरकतं आणि ब्रेकचा रॉडही घट्ट होतो. हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. रॉडच्या टोकाचा नट थोडा सैल करा. तरीही सुटेना? मग पावसापाण्यानं, चिखलानं ड्रममधला कॅम गंजून अडकला असेल. मेकॅनिककडून तो साफ करून घ्या. ग्रीस मात्र अगदी बेतानं. लायनरला लागलं, तर ऐनवेळी ब्रेकच लागणार नाही.