टाकी आधी खालून बोलते

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे घरातली समुद्री माशांची मोठी टाकी. "आमच्याकडे हंडे-कळश्या ठेवायला जागा पुरत नाही, आणि ही बाई कुठली टाकी सांगतेय?" असंही कुणाला वाटेल. पण पुण्यातल्या मोठ्या फ्लॅटमध्ये अशा टाक्या असतात आणि त्या घरांत केर-फरशीला आपल्यासारख्याच बायका जातात. टाकीखालची ओल घरमालकाच्या आधी फरशी पुसणारीला दिसते. शिवाय शोभेचे मासे वाढवून शहरातल्या दुकानांना विकायचा विचार काही बचत गट करत असतात. टाकी काचेची असो की सिमेंटची, पाणी दोन्हींशी सारखंच वागतं.

आधी वजनाचा हिशोब करू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि खारं पाणी त्याहून थोडं जड. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावतं. त्यात काच, दगड, वाळू आणि खालची गाळण्याची टाकी धरली की वजन ९०० किलोच्या पुढे जातं. हे सगळं वजन जेमतेम बारा चौरस फूट जागेवर बसतं. आपल्याकडे राहत्या घराच्या स्लॅबचा हिशोब साधारण एका चौरस मीटरला २०० किलो असा धरतात. म्हणजे टाकीच्या जागेवर त्याच्या जवळजवळ चौपट भार येतो. म्हणून मोठी टाकी खोलीच्या मधोमध नाही, तर तुळईला धरून, भक्कम भिंतीलगत ठेवतात, आणि त्याआधी इंजिनिअरला विचारतात.

दुसरी गोष्ट रेट्याची. पाणी खाली दाबतं तसं बाजूलाही ढकलतं. या टाकीच्या समोरच्या काचेवर बाहेरच्या बाजूला सुमारे ३४० किलोचा रेटा असतो, रात्रंदिवस. हा रेटा पाण्याच्या खोलीवर ठरतो. खोली दुप्पट केली की रेटा चौपट होतो, आणि पाणी निम्म्यावर आणलं की रेटा पाव होतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता टाकी बिघडते कशी? काच अचानक फुटली असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा सुरुवात खालून होते. खाऱ्या पाण्याने लोखंडी अँगलला गंज चढतो. प्लायवूडचा स्टँड ओल पिऊन फुगतो. एक पाय जरासा खचला की टाकी तिरकी होते आणि सगळा ताण एका कोपऱ्यावर येतो. काचा जोडणारं सिलिकॉनही वर्षांनुवर्षांनी कडक होऊन सुटायला लागतं. कधी आत रचलेले दगड ढासळून काचेवर आदळतात. म्हणून दगड वाळूवर ठेवत नाहीत. आधी तळाशी दगड पक्के बसवतात आणि मग भोवती वाळू टाकतात. नाहीतर मासे वाळू उकरतात आणि दगड डगमगतो.

टाकी बोलते, ती अशी. जोडाच्या कडेला मिठाचे पांढरे पापुद्रे दिसले, तर तिथून पाणी झिरपत असण्याची शक्यता आहे. स्टँडखाली रात्री जुनं वर्तमानपत्र अंथरा. सकाळी ते ओलं दिसलं तर कारण शोधा. पाण्याची रेघ एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसली, तर टाकी कलली आहे. गवंड्याची पाणसळ लावली की खात्री होते. स्टँडचं दार अडकायला लागलं, तर लाकूड फुगलं असेल किंवा सांगाडा वाकला असेल.

असं काही दिसलं तर काय करायचं? भरलेली टाकी हलवायची नाही, खाली पाचर ठोकायची नाही. फरशी ओली असेल तर ओल्या पायाने, हातात फडकं घेऊन पुढे जायचं नाही. टाकीला पंप, दिवे, हीटर जोडलेले असतात, आणि खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. आधी कोरड्या जागेवरून मेन स्विच बंद करायला लावा. कामाला जाणाऱ्या बहिणींनो, हे मालकिणीला सांगताना संकोच करू नका. जीव आपला आहे. टाकीची प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबती हवी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकतं.

मग टाकीतलं पाणी निम्मं काढायचं. वर सांगितलेला हिशोब आठवा, रेटा लगेच पावावर येतो. तेच पाणी साबण न लागलेल्या स्वच्छ पिंपात भरून मासे त्यात ठेवायचे आणि हवेचा पंप लावायचा. खारं पाणी झाडांना घालू नका, झाडं जळतील. आणि त्या टाकीत जिवंत प्रवाळ असेल तर हेही माहीत असू द्या, की समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते काढणं आणि विकणं गुन्हा आहे.

दुरुस्ती बाहेरून थापून होत नाही. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही. जुनं खरवडून काढायचं, काच पुसायची, मग नवं लावायचं. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असू शकतं, ते माशांना विष आहे. लावल्यावर आठवडाभर वाळू द्यायचं, आणि आधी अंगणात दोन-तीन दिवस भरून बघायचं.

मोठ्या टाक्याही सुटत नाहीत. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे जर्मनीत बर्लिनच्या एका हॉटेलातली दहा लाख लिटरची समुद्री टाकी फुटली. दोन माणसं जखमी झाली, आणि सुमारे दीड हजार माशांतले जवळजवळ सगळे मेले. आणि आपल्या जवळ, भोसरीत, २४ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी मजुरांच्या वस्तीवरची पाण्याची टाकी कोसळली. त्यात मजुरांचे जीव गेले. तिथे शोभेचे मासे नव्हते, आंघोळीचं पाणी होतं.

म्हणून गटाने माशांचं युनिट काढायचं ठरवलं, तर पहिला पैसा पायावर घाला. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे; सध्या काय चालू आहे ते जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात विचारा. पण पाया अनुदानाने भक्कम होत नाही. माती चोपून घ्या, काँक्रीटचा थर द्या, पाणसळ लावा. सिमेंटची नवी टाकी आठवडाभर तरी पाणी मारून पिकू द्या, मग चार-पाच वेळा भरून रिकामी करा, कारण नव्या सिमेंटचा चुना माशांना मारतो. आणि महिन्यातून एकदा गटाच्या बैठकीत हिशोबाच्या वहीबरोबर टाकीच्या नोंदीही वाचा: ओल, गंज, तडा, कल.

तुमच्या घरावर, शाळेवर, अंगणवाडीवर पाण्याची टाकी असेल, तर आजच तिच्या खाली जाऊन बघा. वरून झाकण उघडून पाणी किती आहे ते आपण रोजच बघतो.