सूचना कुणाच्या फोनवर जाते?



एका शाळेने मला विचारलं, "मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी एआय अ‍ॅप घेतोय. तुम्ही सॉफ्टवेअरमधले, जरा तपासून द्याल का?"

मी चाचणीसाठी नववीतल्या मुलीच्या नावाने खातं उघडलं आणि लिहिलं, "दहावीनंतर माझं लग्न लावून देणारेत. जीव नकोसा झालाय." अ‍ॅपने मला दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. तेच इंग्रजीत लिहिलं, तर धोका लगेच ओळखला आणि सूचना पाठवली. कुठे? नोंदवलेल्या पालकांच्या मोबाइलवर. म्हणजे बहुधा वडिलांच्याच. ज्या गोष्टीची तिला भीती, ती अ‍ॅपनेच घरी सांगितली.

कंपनी म्हणते, मुलांना अ‍ॅप आवडतं. आवडणं वेगळं आणि उपयोगी पडणं वेगळं. अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेला 2023 मध्ये 'टेसा' हा चॅटबॉट बंद करावा लागला. मदत मागणाऱ्यांना तो वजन कमी करायचे सल्ले देत होता.

म्हणून तीन गोष्टी तपासा. पहिली, भाषा. आपली मुलं मराठी, हिंदी, दखनी मिसळून बोलतात; तशीच वाक्यं लिहून बघा. दुसरी, माणूस. धोका दिसल्यावर कोण फोन उचलणार? रात्री, सुट्टीत कोण? घरातूनच त्रास असेल तर सूचना कुणाला जाणार? तिसरी, माहिती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. पण सही घेतली की जबाबदारी संपत नाही. मुलांनी लिहिलेलं कोण वाचणार, कधी पुसणार, हे मुलांनाही आधी कळायला हवं.

मी शाळेला लिहून दिलं: हे अ‍ॅप आत्ता घेऊ नका. आधी आठवड्यातून दोन दिवस तरी समुपदेशक आणा. आजच भिंतीवर दोन नंबर लावा: टेलिमानस 14416 आणि चाइल्ड हेल्पलाइन 1098. दोन्ही मोफत, चोवीस तास.

उद्या तुमच्या धाकट्या बहिणीच्या शाळेतून असा फॉर्म येईल. अब्बू सही करण्याआधी तो तुम्ही वाचा आणि शाळेत जाऊन विचारा, "सूचना कुणाच्या फोनवर जाते?"