दुःखी मूल व त्याचा खेळ



१९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधील हजारो निर्वासित कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तिचे पाच भाग अद्यापि ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखले जातात. कॅम्प ५ पर्यंतच्या बराकींत मुलांना छप्पर मिळाले, शिधा मिळाला. परंतु घर सुटल्याच्या भयावरील उतारा शिधापत्रिकेवर मिळत नाही.

योगायोग असा की, त्याच १९४७ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांचा क्रीडोपचारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड मुलांपुढे वाळूचे तबक व चिमुकली खेळणी ठेवून त्यांचे मन जाणून घेत होत्या. जे शब्दांत सांगता येत नाही ते मूल खेळून सांगते, हे त्यातील मर्म. स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी वाळूचा हाच खेळ पुढे प्रौढांच्या उपचारातही आणला. दुःखाला वयाचे बंधन नसते, तसे खेळालाही नाही.

हा प्रश्न केवळ निर्वासितांचा नव्हे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी बदलापूर परिसरातील घरांत शिरले. अशा पुरानंतर एखादे मूल मातीचे घर बांधते, त्यावर पाणी ओतते आणि पुन्हा बांधते. शिक्षकास तो खोडसाळपणा वाटतो व तो मुलास पाढे म्हणावयास बसवितो. वास्तविक, जे संकट मुलावर कोसळले, ते आता त्याच्या हातचे झालेले असते. पाणी केव्हा ओतावे हे तेच ठरविते. भय ओसरू लागते ते येथेच.

उपचार हे तज्ज्ञाचे काम. शिक्षकाने ते अंगावर घेऊ नये. परंतु ठराविक वेळ, एक कोपरा, ओली माती, करवंट्या व चिंध्यांच्या बाहुल्या एवढे त्याच्या हाती आहे. बोर्डीस १९४५ पासून ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी परिसरातील अशाच वस्तूंतून बालशिक्षणाची साधने घडविली. शिक्षकाने जवळ बसावे, ‘घर पडले’ इतकेच म्हणावे. अर्थ सांगू नये, खोदून विचारू नये. कोणास इजा होऊ नये, एवढीच मर्यादा घालावी.

मात्र तोच खेळ आठवडेच्या आठवडे चालला, त्याचा शेवट कधीच बदलला नाही व खेळून मूल अधिकच भेदरले, तर पालकांस विश्वासात घेऊन त्यास रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे.

पाढे दुसऱ्या दिवशीही म्हणता येतात. एकदा दटावल्याने मिटलेले मन पुन्हा उघडावयास मात्र फार काळ लागतो.