पाटी कधी उचलू?



वसईतल्या परिषदेचं अध्यक्षपद वसई-विरारमध्येच हयात घालवलेल्या सर्जनला दिलंत, आभारी आहे. घरचाच माणूस असल्यामुळे थोडं टोचून बोललो तर चालवून घ्या.

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. त्याआधी १९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्युहे यांनी ती केली, तेव्हा त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आज उलट झालंय. दुर्बीण म्हटलं की पेशंट बरा झालाच, असं आपण धरून चालतो.

अर्नाळ्याची एक मासे विकणारी बाई पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झाल्यावर तपासायला आली. चार भोकं, चारही कोरडी. मी खूश. तिनं विचारलं, ‘‘डॉक्टर, डोक्यावर पाटी कधी घेऊ?’’ मी सवयीनं म्हणालो, ‘‘जड उचलू नका.’’ ती उठली नाही. तिची पाटी किती किलोची, ती उचलून डोक्यावर कोण देतं, ती किती चालते, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. माझ्या कागदावर ती केव्हाच बरी झाली होती!

१९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये शेफील्डचा एक अभ्यास आला होता. दोनशे रुग्ण, काहींचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, काहींचं लहान छेदातून. पण सगळ्यांच्या पोटावर पट्ट्या मात्र एकसारख्या बांधल्या. कोणाचं कोणतं ऑपरेशन झालंय हे पेशंटला कळलं नाही आणि सिस्टरलाही नाही. इस्पितळातला मुक्काम आणि नंतरची सुधारणा यांत लक्षणीय फरक निघाला नाही. दुर्बिणीला वेळ मात्र जास्त लागला. मोठ्या छेदापेक्षा दुर्बीण सरस आहे, जखम कमी चिघळते, हे मी नाकारत नाही. मला खुपते ती आपली मोजपट्टी. आपण मोजतो तो सुटीचा दिवस, आणि तो पुष्कळदा बिल ठरवतं, विमा ठरवतो, नाहीतर खाट हवी असलेला पुढचा पेशंट.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर परतणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सुटी देताना तर हात थबकला पाहिजे. पित्त झिरपू लागलं तर ते बहुधा पहिल्या आठवड्यातच कळतं. तेव्हा तो एसटीच्या फेऱ्या मोजत बसलेला असतो. ताप, पोटफुगी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर लगेच निघा, हे त्याला त्याच्या बोलीत सांगितलंय का? खांदा दुखतो तो पोटात भरलेल्या वायूमुळे छाती-पोटामधला पडदा चाळवल्याने, हे तरी? नाहीतर माणूस हृदयविकार समजून रात्रभर जागतो.

कोपनहेगनचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी नव्वदच्या दशकात ऑपरेशननंतर लवकर खाणं, लवकर चालणं, नळ्या कमी ठेवणं यांवर भर दिला. त्याला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. विरारहून चर्चगेटपर्यंत साठ किलोमीटर लोकलमध्ये उभ्यानं जाणारा कारकून कितव्या दिवशी गाडी पकडू शकतो, हे मात्र कोपनहेगन सांगणार नाही. ते आपल्यालाच शोधावं लागेल.

म्हणून एवढंच मागतो. ऑपरेशनच्या तिसाव्या दिवशी प्रत्येक पेशंटला एक फोन करा. तीनच प्रश्न विचारा: दुखतंय का, जेवण जातंय का, कामावर कधी गेलात? उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहा. अशी एक कोरी वही मी नोंदणीच्या टेबलावर ठेवली आहे. या कामात उतरणार असाल, तर जाताना तिच्यात आपलं नाव लिहून जा.