प्रोस्टेटचा एमआरआय : पाणी कुठे अडलं?



मी डॉक्टर नाही. दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. पण गेल्या वर्षी अब्बांच्या एमआरआयची सीडी घेऊन मी तीन रात्री जागलो आणि त्यात एक चूक केली. त्या चुकीबद्दल बोलायचं आहे. विषय प्रोस्टेटचा आहे. काहीजण खाली बघायला लागलेत, दिसतंय मला. आमच्या घरीही तसंच झालं होतं.

अब्बा रात्री चार-चार वेळा उठायचे. अम्मीला माहीत होतं, आम्हा मुलांना नाही. विचारलं तर म्हणायचे, "वय झालं, दुसरं काय." असं दीड वर्ष गेलं. शेवटी चाचा त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्तातला पीएसए वाढलेला निघाला. पण पीएसए कॅन्सरमुळे चढतो, तसा ग्रंथी नुसती मोठी झाली किंवा सुजली तरी चढतो. म्हणून डॉक्टरांनी बायोप्सीच्या आधी एमआरआय सांगितला.

यामागे कारण आहे. ब्रिटनमध्ये 'प्रॉमिस' नावाचा अभ्यास झाला, 2017 साली प्रसिद्ध झाला. 576 पुरुषांचा आधी एमआरआय केला, मग सगळ्यांची अगदी बारकाईने बायोप्सी. जे कॅन्सर खरोखर धोक्याचे होते, त्यांतले 93 टक्के एमआरआयने पकडले. सोनोग्राफीच्या मदतीने घेतलेल्या नेहमीच्या बायोप्सीने 48 टक्के.

हे जमतं कसं? एमआरआयच्या अनेक चित्रांपैकी एक प्रकार 'डिफ्यूजन'चा. तो पाण्याची हालचाल मोजतो. शरीरातले पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे भटकत असतात. निरोगी प्रोस्टेटमध्ये बारीक बारीक नळ्या असतात, त्यांत द्रव असतो, तिथे पाण्याला फिरायला मोकळी जागा मिळते. कॅन्सरमध्ये पेशी दाटीवाटीने वाढतात, नळ्या बुजतात, पाणी अडतं. रिकाम्या मैदानात सोडलेलं पोर आणि ईदच्या आदल्या संध्याकाळी बाजारात हात सुटलेलं पोर, मिनिटभरात कोण किती लांब जाईल? तेवढाच फरक.

मशीन चुंबकीय क्षेत्राला क्षणभर एक उतार देतं आणि मग तेवढाच उलटा. जागचा न हललेला रेणू पूर्ववत होतो, भटकलेला होत नाही, त्याचा सिग्नल घटतो. हा झटका किती जोरदार, त्याचा आकडा म्हणजे बी-व्हॅल्यू.

आता माझी चूक. सीडीतलं बी 800 चं चित्र उघडलं आणि ग्रंथीची मागची कड जवळजवळ सगळी उजळ दिसली. मी वाचलं होतं, 'कॅन्सर उजळ दिसतो'. रात्री दोनला भावाला फोन केला, "सगळीकडे पसरलंय रे." तो रडला. मीही.

वास्तविक ती उजळ कड निरोगी होती. सोयीचे आकडे घेऊन सांगतो. निरोगी भागात द्रव जास्त, म्हणून त्याचा मूळ सिग्नलच मोठा, समजा 2000. गाठीचा 1000. बी 800 ला निरोगी भाग उतरतो 556 वर, गाठ 527 वर. डोळ्यांना दोन्ही सारखेच! बी 1500 ला निरोगी भाग 181, गाठ 301. आता गाठ उठून दिसते. आणि कमी-जास्त बी-व्हॅल्यूंचे सिग्नल भागून, लॉगरिदम घेऊन, मूळ उजळपणा बाजूला काढला की उरतो एडीसी, म्हणजे निव्वळ हालचालीचा आकडा. माझ्या उदाहरणात निरोगी भागाचा 1600, गाठीचा 800, चौरस मायक्रॉन दर सेकंदाला. एडीसीच्या नकाशात गाठ काळी दिसते. मोठ्या बी-व्हॅल्यूला उजळ आणि एडीसीत काळं, दोन्ही एकाच जागी हवं. अब्बांच्या एडीसीत ती कड छान पांढरी होती. काळा होता फक्त डाव्या बाजूचा मसुराएवढा ठिपका. तो मी पाहिलाच नव्हता.

हे कळल्यावर इंजिनिअरचं डोकं चाललं : 900 च्या खाली कॅन्सर, वर निरोगी, दोन ओळींचा कोड. रेडिओलॉजिस्ट मॅडम हसल्या. सूज असेल तरी आकडा घसरतो. ग्रंथीच्या आतल्या भागात वयोमानाने होणाऱ्या साध्या गाठीही काळ्या दिसतात, म्हणून तिथे त्या आधी टी-2 चित्र बघतात. मशीन बदललं की आकडाही थोडा बदलतो. 'प्रॉमिस'मध्येही ज्यांना धोक्याचा कॅन्सर नव्हता, त्यांतल्या 41 टक्क्यांनाच एमआरआयने 'नाही' म्हटलं होतं. बाकीच्यांवर नाहक संशय. म्हणून एमआरआय सुई कुठे घालायची ते दाखवतो. कॅन्सर आहे की नाही, ते सूक्ष्मदर्शकाखाली ठरतं.

अब्बांच्या त्या ठिपक्यात कॅन्सर निघाला. ग्रंथीच्या बाहेर गेलेला नव्हता, उपचार झाले. आणि रात्रीचं उठणं? ते मधला भाग वाढल्यामुळे होतं, त्या ठिपक्याशी त्याचा संबंध नव्हता. सुरुवातीच्या कॅन्सरला बहुधा काहीच त्रास नसतो. एका त्रासापायी डॉक्टरांकडे गेलो आणि दुसरंच सापडलं, हे अजून मला नीट पचलेलं नाही. वडिलांना असेल तर मुलांनाही धोका वाढतो. आम्हा दोघा भावांना पीएसए कधीपासून करायचा, ते डॉक्टरांनी लिहून दिलंय.

सीडी आणली आहे. नाव झाकून दाखवायला अब्बांनी परवानगी दिली, पहिल्यांदा विचारलं तेव्हा नाही, तिसऱ्यांदा. लॅपटॉपजवळ या, आधी बी 800 चं चित्र लावतो. ठिपका कुठे आहे ते तुम्ही सांगा.