पाठीमागून आलेला शब्द

(मलकापूर येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मे महिन्यातलं हे पटांगण रात्री नऊ वाजताही गरम आहे, तरी एवढी मंडळी आलात. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘सांघिक खेळ आणि विद्यार्थी’. त्यातलं मी एकच सांगणार आहे. तीस वर्षं शाळेच्या मैदानावर काढली, आणि माझी त्या एका गोष्टीवर श्रद्धा बसली. मुलाला चारचौघांत बोलायला, ऐकायला, जुळवून घ्यायला शिकवायचंय? मग त्याला खो-खोच्या पाटीत बसवा. धावणं नंतर. आधी बसणं. (हशा)

समोरून कुणीतरी म्हणालं, ‘घरी तेच करते तो!’ (हशा) घरी तो एकटा बसतो, भाऊ. इथं तो आठांत बसतो.

खेळांचा इतिहास वऱ्हाडात सांगायला नको. 1914 साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं, आणि 1936 मध्ये त्याच मंडळाच्या खेळाडूंनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी जगाला दाखवली. हे तुम्हाला पाठ आहे. अलीकडचं तर ताजंच आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. मुलांचा संघही जिंकला, त्याचा कर्णधार प्रतीक वाईकर. (टाळ्या)

टाळ्या धावणाऱ्यांना मिळाल्या. मला बसलेल्यांकडे बघायचंय.

आठ गडी मधल्या पाटीत ओळीनं बसतात. एकाचं तोंड इकडे, शेजारच्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. त्याला ही पाटी ओलांडता येत नाही, एकदा दिशा धरली की टोकाचा खुंट गाठेपर्यंत मागे फिरता येत नाही. समोरच्या संघाचा पळणारा गडी मात्र मोकळा, बसलेल्या दोघांच्या मधून सुळकन पलीकडे जातो. मग पाठलाग करणाऱ्यानं काय करायचं? पाठमोऱ्या बसलेल्याला तळहाताचा स्पर्श करायचा आणि त्याच क्षणी मोठ्यानं ‘खो’ म्हणायचं; मग तो उठून पाठलाग पुढे नेतो. हात लागला पण आवाज नाही, फाऊल. आवाजाआधीच उठला, फाऊल. हात आणि शब्द एकाच वेळी. बोलण्याचा याहून नेमका धडा मी कुठल्याही पुस्तकात पाहिला नाही.

आता एका मुलाचं सांगतो. दोन मिनिटांत आटोपतो.

सहावीतला मुलगा. खेड्यावरून यायचा, कापूस वेचणीच्या दिवसांत गैरहजर. वर्गात हजेरीला नुसता हात वर करी. मी त्याला मैदानावर गुण लिहायला बसवलं, आणि हे सांगताना मला आजही वाईट वाटतं, कारण पूर्ण सत्र तो वहीच घेऊन बसला. मला वाटलं, मी त्याची सोय केली. मी त्याला बाजूला सारलं होतं.

एक दिवस एक गडी तापानं आला नाही. नववा हवा होता, म्हणून याला पाटीत बसवलं. खो मिळाला, हा बाणासारखा उठला. पण खो द्यायची वेळ आली तेव्हा नुसता हात लावला. शिट्टी. पुन्हा तेच, पुन्हा शिट्टी. सगळी मुलं ओरडायला लागली. मी मधे पडणार, तेवढ्यात पाटीत बसलेला एक पोरगा मान वळवून म्हणाला, ‘अबे, आवाज दे ना! मी तुह्यासाठीच त बसलो!’

पुढचा खो रस्त्यापर्यंत ऐकू गेला. (टाळ्या)

थांबा, खरी गोष्ट पुढे आहे. डाव संपल्यावर तो पोरांना सांगू लागला, कोणता गडी खुंटापाशी कुठल्या बाजूला वळतो, कोण दमला की सरळ पळतो. वही लिहिता लिहिता त्यानं सगळ्यांना वाचलं होतं. त्याच्याकडे सांगायला भरपूर होतं. आपल्यासाठी कुणी बसलंय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

(अध्यक्षांची चिठ्ठी आली.) पाच मिनिटं? बरं, मोजकं सांगतो.

शिक्षकांनो, पहिला आठवडा बाद झालेले गडी मोजूच नका. स्वच्छ दिलेले खो मोजा. प्रत्येक डावाला कर्णधार बदला. डाव झाला की पाच मिनिटं गोल बसवा आणि विचारा, ‘आज कुणाच्या खोमुळे गडी बाद झाला?’ ज्यानं बाद केला, त्यानं खो देणाऱ्याचं नाव सांगायचं. गुण लिहायचं काम रोज नव्या मुलाकडे द्या, कुणाचीही ती कायमची जागा होऊ देऊ नका.

पालक विचारतात, ‘याचे मार्क किती?’ मलाही हा प्रश्न खूपदा विचारला गेलाय, आणि मी त्यावर रागावलोही आहे. आज शांतपणे सांगतो. तुमचं पोरगं उद्या इथून गाडीत बसून पुण्या-मुंबईला जाईल. तिथं चार अनोळखी माणसांत त्याला एक काम करायचं असेल. तेव्हा कुणाला कधी हाक द्यायची आणि हाक येईपर्यंत कसं तयार बसायचं, हेच त्याच्या उपयोगी पडेल.

आणि शेवटचं. खो नेहमी पाठमोऱ्या गड्याला द्यावा लागतो. ज्याचं तोंड माझ्याच बाजूला आहे, तो उठून पलीकडे जाऊ शकत नाही. माझ्या उलट दिशेला बघणाराच माझं अडलेलं काम पुढे नेतो. हे मुलांना फळ्यावर लिहून कळत नाही. पाटीत बसवलं, की पाठीला कळतं.

वेळ संपली. सकाळी ऊन चढायच्या आत याच पटांगणावर या. चुना मी आणतो, मुलं तुम्ही आणा.

(टाळ्या)